चार्जिंगचा दिवा आणि चढता काटा: पिकअपचं दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं कसं

सकाळी सेल्फ कुरकुरला की नवी बॅटरी. पुन्हा कुरकुरला की डायनामो उतरवायचा. उन्हाळ्यात गाडी घाटात गरम झाली की आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकायचा, तरी भागलं नाही की रेडिएटर खोलायचा. बऱ्याच पिकअपवाल्यांचा पैसा याच क्रमाने जातो, आणि शेवटी निघतं काय, तर गंजलेली अर्थिंगची पट्टी नाहीतर ढिला बेल्ट. सामान बदलून दोष शोधणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. आधी डोळ्यांनी पाहायचं, मग हाताने चाचपायचं, मग मीटर लावायचा आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बोलेरो पिकअपसारखी गाडी आहे: अडीच लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन, लांबीत बसवलेलं, पुढे पंखा आणि त्याच्या पुढे रेडिएटर. टाटा योद्धा किंवा त्याच धाटणीची दुसरी गाडी असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. छोट्या हत्तीसारखी (टाटा एस) सीटखाली इंजिन असलेली गाडी असेल तर भाग वेगळ्या जागी सापडतील, तपासणी तीच.

चार्जिंग आणि कूलिंग एकाच लेखात का?

कारण अशा बहुतेक गाड्यांत दोन्ही एकाच बेल्टवर चालतात. क्रँकच्या पुलीवरून निघालेला बेल्ट डायनामो फिरवतो आणि वॉटर पंपही. (आल्टरनेटरला गॅरेजमध्ये सगळे डायनामोच म्हणतात, मीही तेच म्हणतो. तसंच वॉटर पंपाला काही मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात.) पंपाच्याच शाफ्टवर पुढे पंखा असतो. शिवाय अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच जोडलेला असतो. म्हणजे बेल्ट तुटला तर चार्जिंग गेलं, पाणी फिरायचं थांबलं, पंखा थांबला आणि चार-दोन वेळा ब्रेक मारल्यावर पेडलही दगडासारखं कडक झालं. नारायणगावचे टोमॅटो भरून माळशेज उतरत असताना हे झालं तर गरम इंजिनाची चिंता दुसऱ्या नंबरवर जाते.

दुसरी सामाईक गोष्ट म्हणजे अर्थिंग. इंजिन आणि चॅसिसमधली पट्टी खराब झाली की चार्जिंग कमी होतं, सेल्फ जड फिरतो आणि तापमानाचा काटाही खोटं बोलायला लागतो. त्याकडे पुढे येतो.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर. तो काही शे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच वेळी पैसे वसूल करतो. टेस्ट लॅम्प, बॅटरीच्या टर्मिनलसाठी १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, टॉर्च, जाड फडकं. जमलं तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. बॅटरीची झाकणं उघडणारी असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी. गाडीत कायम ठेवायच्या गोष्टी दोन: एक जादा बेल्ट आणि कॅनभर कुलंट.

रस्त्यात दिवा लागला तर

बॅटरीचा लाल दिवा एकटाच लागला आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडा आणि बेल्ट आहे का ते पाहा. बेल्ट शाबूत असेल, ब्रेक नेहमीसारखा लागत असेल, तर एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करून जवळच्या गावापर्यंत जाता येतं. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला वीज फारशी लागत नाही. कॉमन रेल गाडीचा संगणक आणि इंजेक्टर मात्र विजेवरच चालतात, ती गाडी बॅटरी उतरली की जागेवर थांबते. रात्र असेल तर हेडलाईटच बॅटरी संपवतील, हा हिशोब आधी करा.

बॅटरीचा दिवा आणि चढता काटा दोन्ही एकदम आले, तर बेल्ट तुटला किंवा पुलीवरून उतरला असंच धरून चाला आणि तिथल्या तिथे इंजिन बंद करा. पुढच्या ढाब्यापर्यंत नेतो म्हणून ओढलेली गाडी हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचा, खर्च घेऊन येते.

काटा चढलाय पण बेल्ट फिरतोय, वाफ नाही, पाणी सांडलेलं नाही, अशा वेळी मात्र इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये जराशी रेस देऊन एक-दोन मिनिटं चालू द्या, म्हणजे पंखा आणि पंप आतली उष्णता बाहेर काढतात. केबिनला हीटर असेल तर तो पूर्ण सोडा. काटा उतरत नसेल तर बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. वरचा होज पाईप हाताने दाबून पाहा. टणक लागत असेल तर आत प्रेशर आहे. तो मऊ पडल्यावरच फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत झाकण फिरवा, फुसकारा संपू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. घाई असेलच तर इंजिन चालू ठेवून धार बारीक धरा.

सुरुवात बेल्टपासून

इंजिन बंद, किल्ली खिशात. टॉर्चने बेल्टची आतली बाजू पाहा, बाहेरची नव्हे. चिरा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचा ओलावा दिसला तर बेल्ट गेला. चकाकी म्हणजे बेल्ट घसरून घसरून भाजला आहे.

जुन्या व्ही बेल्टवर दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोर द्या. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर घसरणार, अजिबात दबला नाही तर डायनामो आणि पंपाचं बेअरिंग खाणार. ताण जास्त ठेवणं ही ढिला ठेवण्याइतकीच चूक आहे, आणि गॅरेजमध्ये तीच जास्त होते, कारण घट्ट बेल्ट वाजत नाही आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. नवीन गाड्यांत पट्ट्या असलेला चपटा बेल्ट आणि आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो. तिथे टेन्शनरची पुली हाताने फिरवून खरखर ऐका आणि इंजिन चालू असताना त्याचा हात सतत नाचतो का ते पाहा.

चपटा बेल्ट किंचाळत असेल तर लांबून, हात आणि बाही पंख्यापासून दूर ठेवून, त्याच्या पट्ट्यांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी मारल्यावर आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे.

बॅटरीला आधी निर्दोष किंवा दोषी ठरवा

डायनामोकडे जाण्याआधी बॅटरीचा निकाल लावायचा. गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, सकाळी सेल्फ मारायच्या आधी, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि दोन्ही काड्या थेट शिशाच्या खुंटांवर टेकवा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फुगलेला येतो; अशा वेळी हेडलाईट मिनिट-दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहत राहा. भरलेली, धडधाकट बॅटरी सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. १२.६ वरून एकदम ८ वर कोसळली तर बॅटरीचा जीव गेला आहे. पण १२.१ ची बॅटरी ९ वर आली तर तिला दोष देऊ नका. आधी चार्जरवर पूर्ण भरा आणि मग पुन्हा तपासा. उतरलेली बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवी बॅटरी विकणाऱ्याला हा फरक सांगायची घाई नसते.

झाकणं उघडणारी असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. भरलेल्या बॅटरीत साधारण १.२५० च्या आसपास किंवा थोडं वर येतं. सगळे सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी भरायला हवी. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला, बॅटरी बदला. हे करताना बिडी-सिगारेट लांब ठेवा, तिथे हायड्रोजन असतो.

आता डायनामो

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या डायनामोत या दिव्यातूनच रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, पहिला करंट मिळतो. दिवा लागतच नसेल तर बल्ब उडालाय, फ्यूज गेलाय किंवा डायनामोच्या मागची बारीक वायर निघाली आहे. अशा गाडीत डायनामो चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच सुरू होतं. किरकोळ बल्बसाठी डायनामो बदललेले लोक आहेत.

इंजिन चालू करा. दिवा विझला पाहिजे. मंद, लालसर धुगधुगी राहत असेल तर डायोड (डायनामोतली एसी वीज डीसी करणारा भाग) किंवा जोडणीवर संशय घ्या. आता रेस साधारण २००० आरपीएमच्या आसपास नेऊन बॅटरीच्या खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर उत्तम. मग हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. १३.५ च्या वर टिकलं तर डायनामो भार पेलतोय. नवीन काही गाड्यांत संगणकच डायनामोचं व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे आकडा १२.८ पर्यंत खाली येऊन पुन्हा चढू शकतो. मिनिटभर पाहत राहा आणि एका आकड्यावर निकाल देऊ नका.

आकडा काय सांगतो ते पुढे:

– १२.५ वरून घसरतच राहतो: चार्जिंग शून्य. बेल्ट, दिव्याची वायर, मुख्य फ्यूज, मग ब्रश, या क्रमाने जा.

– १३ च्या आसपास अडकतो, लोड टाकला की पडतो: बेल्ट घसरतोय, डायोड गेलाय किंवा वायरीत गळती आहे.

– १५ च्या वर जातो: कटआउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, गेला. बॅटरीचं पाणी भराभर आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब उडतात. अशी गाडी चालवत राहू नका, संगणकही जाऊ शकतो.

डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर (इथे एसी म्हणजे वीज, गार हवेचा एसी नव्हे) घ्या आणि इंजिन चालू, दिवे चालू असताना बॅटरीच्या खुंटांवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी आली तर डायोड फुटलाय. रेडिओत रेस बरोबर चढत जाणारी शिट्टी येत असेल तर तीही याचीच खूण.

इथे एक जुनी सवय मोडायला हवी. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते पाहायचं, ही 'टेस्ट' अजून सर्रास केली जाते. बॅटरी निघाली की डायनामोचं व्होल्टेज क्षणात कितीतरी वर उसळतं. डायोड, कटआउट आणि कॉमन रेल गाडीचा संगणक, काहीही जळू शकतं. कुणी मिस्त्री तुमच्या गाडीवर हे करायला लागला तर हात धरा.

डायनामो उतरवायची वेळ आलीच तर वायरमनकडून आधी ब्रश आणि कटआउट पाहून घ्या. ब्रश पाच मिलिमीटरच्या आत आले असतील तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी, आणि ते बदलायला पूर्ण डायनामो घ्यावा लागत नाही. डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असेल तर त्याचं ऑईल सील पाहा. ते फुटलं की ऑईल आत झिरपून ब्रश आणि रिंगा चिकट होतात. नुसते ब्रश बदलून सील तसंच ठेवलं तर काही दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो.

वायरीत हरवलेले व्होल्ट

डायनामोच्या मागच्या जाड खुंटावर १४.४ आहे आणि बॅटरीवर १३.३. मग मधले व्होल्ट गेले कुठे? ही तपासणी फार थोडे करतात, आणि सगळ्यात जास्त पैसा हीच वाचवते.

इंजिन २००० वर, हेडलाईट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक काडी डायनामोच्या जाड खुंटावर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटावर. मीटर आता दोन टोकांमधली तूट दाखवेल. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग एक काडी डायनामोच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवा. इथे ०.२ च्या वर जायला नको. जास्त आलं तर काडी एकेक जोड पुढे सरकवत जा: खुंटावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून वायरीच्या लगवर (टोकाच्या कडीवर), लगवरून चॅसिसवर, चॅसिसवरून इंजिनवर. ज्या जोडावर आकडा उडी मारतो तोच चोर. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. हिरवट-पांढरी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा.

सेल्फ जड फिरत असेल तर हीच जोडी सेल्फ मारताना लावा. इंजिनाचं अंग आणि निगेटिव्ह खुंट यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट दिसली की इंजिनाची अर्थिंगची पट्टी बदला. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने आणि उसाच्या किंवा खताच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत ओल्या मळीने या पट्ट्या आतून कुजतात, वरून शाबूत दिसतात.

गाडी उभी राहून बॅटरी उतरत असेल तर

चार्जिंग चोख आहे, बॅटरी चांगली आहे, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. म्हणजे बंद गाडीत काहीतरी वीज पितंय. बहुतेक वेळा नंतर बसवलेली वस्तू: म्युझिक, हौदातला एलईडी, जीपीएस, मोबाइल चार्जर.

निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवा, एक काडी निगेटिव्ह खुंटावर, दुसरी काढलेल्या वायरीवर. किल्ली बंद, दारं बंद, सेल्फला हात नाही. मारलात तर मीटर जळेल. नव्या गाडीचे संगणक झोपायला वेळ घेतात, म्हणून अर्धा तास थांबा. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या लाईनवर दोष. अर्धा अँपिअर किरकोळ वाटतो, पण तीन दिवसांत तो ३६ अँपिअर-तास खातो, ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला जवळपास निम्मा साठा.

काट्यावर विश्वास ठेवायचा का?

कूलिंगकडे जाण्याआधी काटा खरा आहे का ते ठरवा. हेडलाईट लावल्यावर काटा चढतो आणि बंद केल्यावर उतरतो, तर इंजिन नव्हे, अर्थिंग गरम झालंय असं समजा. उलट प्रकार जास्त घातक आहे: चढत चाललेला काटा अचानक खाली पडतो आणि ड्रायव्हरला हायसं वाटतं. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत लटकतो आणि काटा थंड दाखवू शकतो, त्या वेळी आत इंजिन भाजत असतं.

खराब अर्थिंगचा आणखी एक उपद्व्याप. वाट न मिळालेला करंट कुलंटमधून जातो आणि रेडिएटर आतून पोखरतो. थंड रेडिएटरचं झाकण उघडून मीटरची लाल काडी नुसती कुलंटमध्ये बुडवा, धातूला टेकवू नका. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आत चांगलं. ०.३ च्या वर असेल तर कुलंट आम्लधर्मी झालंय किंवा करंट भरकटतोय. सगळं विद्युत सामान बंद करून पुन्हा मोजा. आकडा पडला तर अर्थिंग, तसाच राहिला तर कुलंट.

गरम होते, पण कधी?

गॅरेजवाल्याला नुसतं 'हीट होते' सांगू नका. कधी होते हे सांगितलंत तर अर्धं काम झालं.

ट्रॅफिकमध्ये, टोलच्या रांगेत गरम होते आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरते: पंखा. वेगात वारा स्वतःच रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो.

सपाटीला वेगात किंवा चढणीला गरम होते, उभी असताना नाही: रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, पंप कमी पाणी ढकलतोय किंवा पाणीच कमी आहे.

मे महिन्यात हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीला दोन्ही त्रास एकदम होतात: इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि वारा मात्र वीसच्या वेगाचा. म्हणून पंखा मंदावला असला तरी तो घाटातच उघडा पडतो. पासिंगपेक्षा जास्त भरलेली गाडी चढणीला थोडी गरम झाली तर त्यात गाडीचा दोष काय शोधायचा!

सुरू केल्यापासून पाचेक मिनिटांत काटा चढतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकली आहे किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय.

पाणी जातंय कुठे?

पातळी उतरत असेल तर आधी थंड इंजिनावर गळती शोधा. होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला, हीटरच्या नळ्यांना पांढरट-हिरवट डाग दिसतात. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून डागाची धार उतरलेली दिसली की पंपाचं सील गेलं, पंप बदला. ते भोक एम-सीलने बुजवणं म्हणजे गळतं पाणी बेअरिंगमध्ये सोडणं. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवा. खडखड झाली तर बेअरिंगही गेलं.

झाकणाकडे कुणी लक्ष देत नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा बारचा आकडा असतो. ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर आतलं साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फुटलं की १०० ला उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, म्हणून वरच्या रस्त्याला खराब झाकण आधी बोंब मारतं. रबर कडक, चिरलेलं असेल किंवा मधली बारीक झडप बोटाने ओढून सोडल्यावर जागेवर बसत नसेल तर नवं घ्या, त्याच आकड्याचं. थंड झाल्यावर वरचा होज आत चेपून बसत असेल तरी दोष झाकणाच्या या झडपेतच असतो.

थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटर

थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. सुरुवातीची काही मिनिटं तो गार राहिला पाहिजे, आणि मग एका क्षणी चटकन तापला पाहिजे. ते थर्मोस्टॅटचं उघडणं. हळूहळू पहिल्यापासूनच कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय किंवा आधीच्या मिस्त्रीने काढून टाकलाय. काटा वर गेला तरी होज गारच असेल तर बंद अडकलाय. खात्री करायला तो काढून पाण्याच्या पातेल्यात दोरीला टांगा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर घालून तापवा. अंगावर कोरलेल्या आकड्याला, अनेकदा ८२ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सल्ल्याला नाही म्हणा. डिझेल इंजिन थंड चाललं की ॲव्हरेज पडतं, सिलिंडर जास्त झिजतात. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं, म्हणजे गाडी आणखी गरम.

व्हिस्कस पंखा (दाट ऑईल भरलेल्या क्लचमधून फिरणारा) तपासताना इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. किंचित जड लागला पाहिजे. गरम इंजिनावर तो भिरभिरत तीन-चार फेऱ्या मारत असेल, किंवा मध्यभागी ऑईलचे ओघळ असतील, तर पंख्याचा क्लच गेला. सकाळी पहिल्या मिनिटाला पंख्याचा घोंगावता आवाज येतो तो दोष नाही. विजेचा पंखा असेल तर एसी लावा; बहुतेक गाड्यांत तो फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटरला थेट बॅटरीने जोडून पाहा. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटून पडलं असेल तर परत बसवा. ते नसलं की पंखा इंजिनाचीच गरम हवा पुन्हा ओढतो.

रेडिएटरला बाहेरून काय चिकटलंय ते पाहा. कडबा, उसाचं पाचट, विदर्भात कापसाचे तंतू. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत त्याची गादीच तयार होते, आणि समोरून जाळी स्वच्छ दिसते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या धारेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या जोराने फिन वाकतात. जाळीवरची शोची प्लेट आणि जादा फोकस तर काढाच.

आतून चोंदल्याची खूण गनने सापडते. गाडी गरम असताना, पंख्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरवर आडव्या-उभ्या रांगेत मोजत जा. पाणी आत येतं त्या बाजूपासून तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच हाताएवढा एखादा गार पट्टा आला, तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. चकचकीत धातूवर गन चुकीचा आकडा देते, म्हणून होजच्या रबरावर किंवा काळ्या चिकटपट्टीवर रोखा. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर हटकून असतो.

हेड गॅस्केटचा निकाल

ही भीती दाखवून हेड उतरवलं जातं, म्हणून पुरावा मागा. गाडी रात्रभर थंड झालेली. झाकण काढा, पातळी काठोकाठ करा, इंजिन सुरू करा आणि टॉर्च मारून पाहत राहा. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना, बुडबुड्यांची सलग रांग येत राहिली तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. अधूनमधून एखादा बुडबुडा आला आणि थांबला तर ती भरताना अडकलेली हवा. झाकण लावून सुरू केल्यावर लगेच होज टणक होणं, पांढरा गोडसर वासाचा धूर, ऑईलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा साका, या जोडीच्या खुणा.

पांढरा धूर आणि पाणी कमी होणं इतकंच असेल, बुडबुडे नसतील, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कुलंटने गार करणारा भाग) विसरू नका. तो आतून फुटला की कुलंट थेट इंजिनात जातं, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि हेडचं काम करूनही पाणी कमी होतच राहतं.

भरायचं काय आणि कसं

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असं विचारलं जातं. गोठणं सोडा, कुलंट गंज थांबवतं, उकळायचं तापमान वाढवतं आणि पंपाचं सील जपतं. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकाराचं घ्या, रंगावर जाऊ नका, कारण रंग ही बनवणाऱ्याची मर्जी असते. दोन प्रकार मिसळू नका. तयार मिश्रण नसेल तर निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

भरताना गाडीचं नाक चढाला लावा, हीटर असेल तर पूर्ण उघडा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि हळूहळू ओता. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, होज हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरा, मग झाकण लावा. एक फेरी मारून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत टाकी पाहा. राहिलेली हवा निघाल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असेल. ती रेषेपर्यंत भरा. तिसऱ्या दिवशीही उतरलेली दिसली तर ती हवा नाही, गळती अजून बाकी आहे. तेव्हा हातपंपाचा प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज गाठा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकं प्रेशर देऊन थंड इंजिनावर पंधरा मिनिटं काटा धरतो का ते स्वतः उभं राहून पाहा.